अण्णांच्या गाडीतली ५२ माणसं

रविवार. सकाळपासून पावसाने उसंत घेतली नाही. धरणातून पाणी सोडलंय, गंगा, म्हणजे आमची नाशिकची गोदावरी, घाटावरच्या दुतोंड्या मारुतीच्या कमरेला लागली, असं शेजारचे काका सांगून गेले. पूर बघायला जायचा भाचीचा हट्ट वहिनीने मोडून काढला. मग तिने कपाटातून पत्त्यांचा कॅट काढला आणि शिबिरात शिकलेला डाव मला आणि अण्णांना शिकवायला बसली.

सगळे ५२ पत्ते सतरंजीवर पालथे मांडायचे. आपल्या पाळीला दोन उघडायचे. सत्तीला सत्ती मिळाली की जोडी आपली आणि आणखी एक पाळी. नाही जुळली तर दोन्ही पत्ते जागच्या जागी पालथे. झालं. मेंढीकोट नि झब्बूत वाढलेली मी, मला वाटलं यात शिकायचं काय! पहिल्या डावात भाचीच्या १४ जोड्या, अण्णांच्या ९, माझ्या ३.

माझी चूक भाचीनेच दाखवली. "आत्या, माहीत असलेला पत्ता आधी का उघडतेस गं?" खरंच की. कोपऱ्यात नव्वी आहे हे आठवलं की मी उत्साहाने आधी तीच उलटायची आणि मग दुसरी नव्वी शोधत चाचपडायची. उलट करायला हवं. आधी अनोळखी पत्ता उघडायचा. तो नव्वी निघाला तर हात सरळ कोपऱ्याकडे. नाहीतर नुसता नशिबावर हवाला. डावाच्या सुरुवातीला एक पत्ता उघडला की उरलेल्या ५१ मध्ये त्याचे जोडीदार तीनच, म्हणजे १७ वेळा प्रयत्न करावा तेव्हा सरासरी एकदा जोडी लागणार.

दुसऱ्या डावाला अण्णा म्हणाले, "मी मांडतो." त्यांनी डावीकडे दोन, उजवीकडे दोन असे पत्ते लावले, मध्ये हातभर जागा सोडली. अशा १३ रांगा. मला एकदम ओळख पटली. ही निमआराम गाडी होती!

अण्णा एसटीत कंडक्टर होते, कितीतरी वर्षं नाशिक-पुणे. आज पहिल्यांदा त्यांनी सांगितलं की ते पत्ते लक्षात ठेवतच नाहीत. माणसं बसवतात. सत्ती म्हणजे सिन्नर, अठ्ठी आळेफाटा, नव्वी नारायणगाव, राजा राजगुरुनगर, चव्वी चाकण, पंजी पुणे. "चौथ्या रांगेत खिडकीला नारायणगाव बसलंय, मागे ड्रायव्हरच्या बाजूला दुसरं नारायणगाव. दोघांना एकदम उतरवायचं." भाचीला हे इतकं आवडलं की ती जोडी लागली की टकटक करून बेल मारायला लागली. मधली जोडी उचलली म्हणून मी पत्ते सरकवून सारखे करायला गेले, तर अण्णांनी माझा हात धरला. "रिकामी जागा रिकामीच ठेव. माणूस हलला की हिशोब गेला."

रात्री यावर थोडं वाचलं. सायमनिडीज नावाच्या ग्रीक कवीची जुनी आख्यायिका सापडली. मेजवानीच्या दालनाचं छत कोसळलं, माणसं ओळखू येईनात, तेव्हा कोण कुठे बसलं होतं हे आठवून त्याने एकेकाची ओळख पटवली. जागेवरून स्मरण ठेवायच्या विद्येची सुरुवात तिथून झाली असं मानतात. अण्णांना ही विद्या कुणी शिकवली नाही. हातात तिकिटांचा ट्रे, गाडी हलतेय, सुट्टे नाहीत, तिकिटामागे बाकी लिहून द्यायची आणि कुणाला कुठे उतरायचंय ते डोक्यात. त्यातूनच ती आली.

लहानपणी मला याच गोष्टीचा राग होता. अनोळखी माणसांची गावं पाठ असणारे अण्णा दर जूनमध्ये मला विचारायचे, "यंदा कितवीत गं तू?" मी रुसून उत्तर द्यायची नाही. आई द्यायची.

तिसऱ्या डावात माझ्या ८ जोड्या झाल्या. मीही माणसं बसवत होते. शेवटी सतरंजीवर दोनच पत्ते उरले, एक अगदी मागे आणि एक दुसऱ्या रांगेत डावीकडे खिडकीला. तो खिडकीचा पत्ता अण्णांनी एकदाही उघडला नव्हता. आधीच्या डावातही नाही. मी विचारलं तसं ते चष्मा पुसत म्हणाले, "मे महिन्यात मावशीकडे जाताना तू तिथे बसायचीस. मंचर आलं की झोपायचीस."

भाचीने दोन्ही पत्ते उलटले. पंजी आणि पंजी. "पुणे!" ती ओरडली आणि दोनदा बेल मारली.