छत्तीसनं पळवली

तुम्ही विचारलंत म्हणून सांगतो. कारखान्यात, चहाच्या टपरीवर, लग्नाच्या पंगतीत, जिथं कुठं माझ्या मोटरसायकल रॅलीचा विषय निघतो तिथं पहिला प्रश्न ठरलेला असतो: “कितीनं पळवली?” मी म्हणतो, छत्तीसनं. समोरच्याला वाटतं, हा काहीतरी लपवतोय. मग मला नीट समजावून सांगावंसं वाटतं, कारण या खेळावर माझा जीव आहे आणि कुणी त्याला शर्यत म्हटलं की मला राहवत नाही.

आम्ही उतरतो त्या प्रकाराला टीएसडी म्हणतात. टाइम, स्पीड, डिस्टन्स. आयोजक रस्ता आखून देतात आणि प्रत्येक टप्प्याला सरासरी वेग ठरवून देतात. कुठं ताशी ४० किलोमीटर, कुठं ३६, गावातून २४. त्या हिशेबानं तुम्ही कुठल्या सेकंदाला कुठं असायला हवं ते ठरतं. वाटेत मार्शल घड्याळ घेऊन बसलेले असतात, पण कुठं ते आधी कुणालाच कळू देत नाहीत. उशीर झाला तर दंड, लवकर पोचलात तर त्याहून जास्त. डिसेंबरात मी ज्या रॅलीत उतरलो तिथं उशिराच्या दर सेकंदाला एक गुण जायचा, लवकरच्या दर सेकंदाला दोन. शेवटी ज्याचा दंड सगळ्यात कमी, तो पहिला. बुंगाट जाणाऱ्याची हार नियमातच लिहून ठेवली आहे.

आणि ते योग्यच आहे. तो रस्ता आमच्यासाठी बंद केलेला नसतो. त्यावर दूधवाला असतो, शाळेची पोरं असतात, उसाच्या दोन-दोन ट्रॉल्या ओढणारा ट्रॅक्टर असतो. राज्य सरकारच्या लेखी परवानगीशिवाय सार्वजनिक रस्त्यावर वेगाची शर्यत लावायला मोटार वाहन कायद्याच्या कलम १८९ नं बंदी आहे. ते कलम असायलाच हवं. रात्री आमच्या सोलापुरात विजापूर रोडला पैज लावून गाड्या पळवणारी पोरं मला “तुमच्यासारखंच” म्हणतात तेव्हा फार वाईट वाटतं.

दुसरा प्रश्न गाडीचा. माझी जुनी स्प्लेंडर आहे, रोज कामावर नेतो तीच. रॅलीच्या आदल्या संध्याकाळी गाड्यांची तपासणी होते. टायरची नक्षी किती उरली आहे, दोन्ही ब्रेक, दिवे, हॉर्न, आयएसआय शिक्क्याचं हेल्मेट, लायसन, विमा, पीयूसी. माझ्या शेजारी चार-चार लाखांच्या गाड्या उभ्या होत्या, आणि तपासणाऱ्या माणसानं त्यांच्या चेनचा ढिलेपणा जितक्या बारकाईनं पाहिला तितक्याच बारकाईनं माझ्याही पाहिला. ३६ ची सरासरी धरायला लाखाची गाडी लागत नाही. लागतं ते दर १०० मीटरला फिरणारं मीटर, एक स्टॉपवॉच आणि मागं बसून हिशेब सांगणारं भरवशाचं माणूस.

माझ्या मागं भाचा बसतो. रॅलीत त्याला नॅव्हिगेटर म्हणतात. खरी रॅली तोच चालवतो, मी फक्त हँडल धरतो. त्याच्या हातात रोड बुक असतं. त्यात गावांची नावं फारशी नसतात. प्रत्येक वळणाची एक छोटी खूण काढलेली असते: खाली ठिपका म्हणजे तुम्ही, आणि बाण निघतो तिकडं जायचं. बाजूला सुरुवातीपासूनचं अंतर आणि मागच्या खुणेपासूनचं अंतर. या खुणांना ट्युलिप म्हणतात, १९४९ पासून नेदरलँड्समध्ये होणाऱ्या ट्युलिप रॅलीवरून. “पाण्याच्या टाकीनंतर डावीकडं, कच्चा रस्ता” एवढं जरी लिहिलेलं असलं तरी आमच्यासाठी ते पुष्कळ असतं.

हिशेबाचं सूत्र एकच आहे: तासाच्या ३६०० सेकंदांना ताशी वेगाच्या आकड्यानं भागा. ३६ च्या सरासरीला एका किलोमीटरला १०० सेकंद, ४० ला ९०, ४५ ला ८०, ३० ला १२०, २४ ला १५०. हा तक्ता भाच्यानं टाकीवर चिकटवला आहे, पण त्याला आता तो बघावा लागत नाही. तो मागून फक्त आकडा सांगतो. “मामा, चार पुढं.” म्हणजे आपण चार सेकंद लवकर आहोत, जरा सोड. “मामा, दोन मागं.” एवढंच. बाकी दिवसभर आमच्यात बोलणं नसतं.

आता ज्या गोष्टीत नवे लोक फसतात ती सांगतो. तुमच्या गाडीचं मीटर आणि आयोजकांचं मीटर कधीच तंतोतंत जुळत नाही. टायर झिजलं की चाकाचा घेर कमी होतो, तेवढ्याच रस्त्याला चाक जास्त वेळा फिरतं आणि मीटर जास्त अंतर दाखवतं. म्हणून रॅलीचा पहिला टप्पा फक्त मीटर ताडून बघण्यासाठी ठेवतात. रोड बुकात ज्या फलकापर्यंत १२.० किलोमीटर लिहिलं होतं तिथं माझ्या मीटरवर १२.४ आले. भाच्यानं गाडी उभी असतानाच गुणोत्तर काढलं: आपले ३१ म्हणजे त्यांचे ३०. ऐकायला किरकोळ वाटतं. पण हा फरक धरला नाही तर ३० किलोमीटरवर तुम्ही एक किलोमीटरनं चुकता, आणि ३६ च्या सरासरीला एक किलोमीटर म्हणजे १०० सेकंद. एकाच टप्प्यात शंभर गुण गेले.

सकाळी साडेसहाला होटगी रोडवरून सुरुवात झाली. एकेका मिनिटाच्या अंतरानं एकेक गाडी सोडतात, त्यामुळं गर्दी अशी कुठंच नसते. सुटल्यावर समोर कुणी दिसत नाही, मागं कुणी दिसत नाही. वळसंग, अक्कलकोट, तिथून शेतांमधल्या रस्त्यांनी नळदुर्ग, मग तुळजापूर, वैराग आणि बार्शी रोडनं परत सोलापूर. दोनशे किलोमीटरच्या आसपास. अक्कलकोटपर्यंत सांगण्यासारखं काही घडलं नाही. थंडीनं बोटं आखडली होती आणि मीटरवरचा शेवटचा आकडा वाचायला सूर्य वर यायची वाट बघावी लागत होती, इतकंच.

अक्कलकोटच्या पुढं मात्र दिवस सुरू झाला. दोन्हीकडं काळी रानं, ज्वारी हुरड्यात आलेली, रस्त्याची एक कड उखडलेली. सरासरी ३६. आम्ही अगदी काट्यावर होतो, एक सेकंद इकडं नाही की तिकडं नाही. आणि एका वळणावर मेंढरं आडवी आली. अख्खा कळप, पुढं घोडं, घोड्यावर संसार, मागं काठी घेतलेले धनगर. मी गाडी थांबवून इंजिन बंद केलं. हॉर्न वाजवला तर मेंढरं बिथरून परत रस्त्यावरच पसरतात, हे इकडच्या माणसाला सांगावं लागत नाही. कळपातलं एक कोकरू माझ्या पुढच्या चाकाशी येऊन उभं राहिलं आणि तिथून हलेना. धनगरांतल्या एका आजोबांनी येऊन त्याला उचललं, काखेत घेतलं आणि मला म्हणाले, “जावा आता, सावकाश.” मागून भाचा म्हणाला, “मामा, सत्तर मागं.”

सत्तर सेकंद. इथंच या खेळातला खरा हिशेब लागतो. ३६ ऐवजी ४५ नं गेलं तर दर किलोमीटरला २० सेकंद भरून निघतात, म्हणजे साडेतीन किलोमीटर ४५ धरलं की आपण पुन्हा वेळेवर. ४५ हा काही वेडा वेग नाही. पण पुढं एक गाव होतं, आणि गावात आम्ही वेळ भरून काढत नाही. हा आयोजकांचा नियम नव्हता, आमचा दोघांचा आहे. गावातून हळू गेलो, गाव संपल्यावर ४५ धरला, दोन किलोमीटर झाले आणि बाभळीच्या सावलीला खुर्ची टाकून बसलेला मार्शल दिसला. भाच्यानं आकडा सांगितला: तीस मागं. मार्शलनं टाइम कार्डवर वेळ लिहिली, सही केली. तीस गुण गेले. त्याचं मला जराही वाटलं नाही. कोकरासाठी तीस गुण मी पुन्हाही देईन.

नळदुर्गला अर्धा तास विसावा होता. किल्ल्यातल्या, बोरी नदीवरच्या त्या पाणीमहालाचे सगळ्यांनी फोटो काढले, आम्ही कडक भाकरी आणि शेंगा चटणी काढली. लांबच्या प्रवासाला दुसरं काही न्यायची गरजच नाही. टिकते, सांडत नाही, आणि हेल्मेट काढून पाच मिनिटांत खाऊन होते. तिथं एक बुलेटवाले गृहस्थ येऊन उभे राहिले. स्प्लेंडर बघून म्हणाले, “असल्या खेळाला बुलेट पाहिजे हो.” त्यांच्या म्हणण्यात इतिहास होता, त्यांना तो ठाऊक नसला तरी. लांब पल्ल्याच्या या चाचण्या इंग्लंडात सव्वाशे वर्षांपूर्वी सुरू झाल्या. तिथला मोटर सायकलिंग क्लब १९०१ मध्ये निघाला, १९०४ पासून लंडन ते एडिंबरा आणि १९०८ पासून लंडन ते लँड्स एंड, म्हणजे इंग्लंडचं नैऋत्य टोक, अशा चाचण्या तो घेऊ लागला. तेव्हाही प्रश्न कोण पुढं जातं हा नव्हता. गाडी आणि माणूस दिलेल्या वेळात धड पोचतात का, हा होता. पुढं १९१३ मध्ये आंतरराष्ट्रीय सहा दिवसांची चाचणी सुरू झाली, आणि १९४८ साली इटलीत झालेल्या त्याच चाचणीत रॉयल एनफिल्डनं मागं स्विंगआर्म, म्हणजे चाकाला खड्ड्याबरोबर वरखाली होऊ देणारा दांडा, बसवलेल्या नव्या बुलेट उतरवल्या आणि सुवर्णपदकं मिळवली. आज आपल्या बुलेटचा मागचा शॉकॉब जो धक्का झेलतो, त्याची परीक्षा अशा रस्त्यांवर झाली आहे. हे सांगितल्यावर त्यांनी गाडीच्या मागच्या शॉकॉबवर हात ठेवला आणि चटणी मागून घेतली.

तुळजापुरात रविवारची गर्दी असल्यामुळं आयोजकांनी तेवढा भाग वेळेतून वगळला होता, आणि नान्नजला माळढोक पक्ष्यांच्या अभयारण्याच्या बाजूचाही. ही समज असलेले आयोजक मिळणं भाग्याचं आहे. ते गवताळ माळरान १९७९ पासून राखलेलं आहे आणि माळढोक आता दिसत नाही म्हटलं तरी चालेल. तिथून गाड्यांची रांग घड्याळाकडं बघत जाऊ नये.

दिवसातला सगळ्यात मोठा आनंद त्याआधी, वैरागकडं जाताना मिळाला. सरासरी ४०, रस्ता सरळ, उतारावर गाडी आपसूक पुढं जायला बघते आणि तिला मनगटानं धरून ठेवावं लागतं. भाचा बराच वेळ गप्प होता. तो गप्प असला की सगळं जुळलेलं असतं. टेकाड ओलांडलं आणि खाली मार्शलचा झेंडा दिसला. दोनशे मीटर होते. अशा वेळी हात आपोआप पिळायला बघतो किंवा ब्रेकवर जातो. मी काहीच केलं नाही. कार्ड हातात आलं तेव्हा भाच्यानं वेळ वाचली, वही बघितली, परत वेळ वाचली आणि माझ्या पाठीवर जोरात थाप मारली. शून्य. ना पुढं, ना मागं. त्या क्षणासाठी मी वर्षभर रविवारी पहाटे उठतो.

एकूण निकालात आमचा नंबर मधला आला. पहिल्या आलेल्या जोडीत नवरा-बायको होते. ताई मागं बसून हिशेब करत होत्या आणि त्यांच्या वहीतलं अक्षर बघण्यासारखं होतं. बक्षीस किती, असंही तुम्ही विचारता. विजेत्यांना चषक मिळाला, आम्हाला प्रमाणपत्र. प्रवेश फी आणि पेट्रोल आपलंच.

आणि आता जे अलीकडं विचारू लागलेत, “आम्हाला जमेल का?”, त्यांच्यासाठी. रविवारी पहाटे बार्शी रोडला नान्नजच्या दिशेनं निघा. हेल्मेट दोघांनीही घाला. मागच्याच्या हातात घड्याळ द्या. एका किलोमीटरच्या दगडापाशी सुरू करा आणि पुढच्या प्रत्येक दगडाला बरोबर १०० सेकंदांनी पोचायचा प्रयत्न करा. पहिल्या दोन-तीन दगडांना तुम्ही लवकर पोचाल, सगळेच पोचतात. सलग पाच दगड जमले की मला फोन करा, पुढच्या रॅलीचा फॉर्म मी आणून देतो.