हौद्याखालचं मीठ

भांडुपला आमचं छोटं केटरिंग आहे. पन्नास-साठ पानांपासून अडीचशेपर्यंतच्या ऑर्डरी घेतो. भाड्याचा टेम्पो दर खेपेला 1,800 रुपये घ्यायचा, आणि लग्नसराईत महिन्याला चौदा-पंधरा खेपा. 2023 च्या दिवाळीनंतर मी आणि भावोजींनी ठरवलं, जुनी का होईना, स्वतःची पिकअप घ्यायची.

2016 ची डिझेल गाडी मिळाली. दलाल 3,75,000 म्हणत होता, 3,40,000 ला सौदा झाला. गाडी कशावर होती विचारलं तर म्हणाला, ‘भाजीवर, वाशी मार्केटला.’ आम्ही अगदीच कच्चे नव्हतो. सकाळी लवकर जाऊन आधी बॉनेटला हात लावला. गाडी आधीच तापवून ठेवली असेल तर थंड इंजिनची कुरकुर कळत नाही. बॉनेट गार होतं, पहिल्या सेल्फला गाडी उठली. इंजिन चालू ठेवून ऑइलचं झाकण उघडलं. आतून भकाभका धूर आला असता तर आम्ही परत फिरलो असतो. कूलंट स्वच्छ, ऑइलला दुधाळ रंग नाही, सायलेन्सरला निळा धूर नाही. वाकून खालीही पाहिलं. चासीला, म्हणजे गाडीच्या खालच्या लोखंडी सांगाड्याला, ताजा काळाकुळकुळीत रंग मारलेला. मी तर खूश झाले, मालकानं गाडी किती निगुतीनं ठेवलीय म्हणून!

कागदांचं फार सांगत नाही. आरसीवर बँकेचा बोजा अजून दिसत होता, म्हणून बँकेची एनओसी आणि बोजा उतरवायचा फॉर्म 35 हातात पडेपर्यंत पूर्ण पैसे दिले नाहीत. गाडी नावावर करायच्या फॉर्म 29 आणि 30 वर सह्या करून घेतल्या, थकलेली ई-चलनं विकणाऱ्याकडूनच भरून घेतली. हे सगळं बिनचूक झालं.

जानेवारीत मुलुंडला एका शाकाहारी घरातल्या साखरपुड्याची ऑर्डर होती. मसालेभाताची गरम पातेली थेट हौद्याच्या पत्र्यावर ठेवलेली, वर दुपारचं ऊन. हॉलच्या दारात फाळका पाडला आणि मुलीचे काका नाकाला रुमाल लावून म्हणाले, ‘वहिनी, जेवणात मासे नाहीत ना हो?’ पत्रा तापला तसा सुक्या बोंबलाचा वास वर आला होता. मला जमिनीनं पोटात घ्यावं असं झालं. घरी येऊन हौदा फिनेलनं धुतला, मग लिंबू-मिठानं घासला. (हो, मिठानंच. आता आठवलं की हसू येतं.) भाजीच्या गाडीला बोंबलाचा वास कसा, एवढा साधा प्रश्न आम्हा दोघांनाही पडला नाही.

त्याचं उत्तर फेब्रुवारीत मिळालं. चेंबूरला पुरणपोळीचं जेवण घेऊन निघालो होतो. अमर महलच्या पुलावरून उतरताना भावोजींनी ब्रेक दाबला तर पॅडल सरळ खाली गेलं. पुढच्या चाकांची लाइन वेगळी असते म्हणून थोडा ब्रेक लागत होता. पॅडल मारत, हँडब्रेक ओढत त्यांनी गाडी कशीबशी कडेला घेतली. कुणाला काही झालं नाही. फक्त कटाची आमटी अर्धी हौद्यात सांडली, आणि त्या दिवशी पहिल्यांदा बोंबलाचा वास हरला.

गाडी टो करून कुर्ल्याला सीएसटी रोडजवळच्या एका मिस्त्रींकडे नेली. मागच्या चाकांकडे जाणारा ब्रेकचा पाइप गंजून फुटला होता. मिस्त्री खाली शिरले आणि तिथूनच विचारलं, ‘ताई, ही गाडी मासळीवर होती काय?’ मग मला वाकायला लावून हातोडीनं चासी ठोकत गेले. पुढे टण्ण, टण्ण. हौद्याच्या मध्यावर आल्यावर भद्द. तिथल्या आडव्या पट्टीवर त्यांनी स्क्रूड्रायव्हर टेकवून दाबला, तर तो मुठीपर्यंत आत गेला. काळ्या रंगाचं कवच तेवढं उरलं होतं, आत नुसता भुगा. बर्फ वितळून खारं पाणी हौद्याच्या फटींतून वर्षानुवर्षं खाली ठिबकतं आणि चासी, स्प्रिंगचे पाटे, ब्रेकचे पाइप खात बसतं, असं ते म्हणाले. इंजिनला त्याचा पत्ताही नसतो.

पट्टीवर पट्टी मारून भागणार नव्हतं. हौदा उतरवायला गेले तर बोल्ट इतके गंजलेले की गॅसनं कापावे लागले. दोन आडव्या पट्ट्या नव्या बसवल्या: 22,000. ब्रेकचे पाइप आणि मागच्या चाकांचे ब्रेक सिलिंडर: 6,200. पाच दिवस गाडी बंद, म्हणजे तेवढे दिवस पुन्हा भाड्याचा टेम्पो.

त्यानंतरचे खर्च मुंबईचे. जुलैत गाडी नुसती रेस घ्यायला लागली, पुढे ओढेना. क्लचप्लेट गेली: 11,500. एलबीएस रोडवर तासन् तास हाफ क्लचवर रांगायचं आणि वर भावोजींचा पाय रिकाम्या वेळीही क्लचवरच. मिस्त्रींनी सुनावलं, तेव्हापासून पाय खाली असतो, निदान मी शेजारी बसलेली असताना. पुढचे दोन टायर 15,600, बॅटरी 6,300, दोन सर्व्हिसिंग 9,000. सगळी दुरुस्ती पहिल्या वर्षी 70,600 झाली.

इन्शुरन्स वेगळा. साडेसात टनांपर्यंतच्या मालवाहू गाडीचा नुसता थर्ड पार्टीच 2022 च्या दरानं 16,049 रुपये, वर कर. खाजगी कारच्या हिशेबानं पैसे धरून ठेवणाऱ्यांची इथे दांडी उडते. शिवाय गाडीला आठ वर्षं झाली की आरटीओचं फिटनेस, म्हणजे पासिंग, दोन वर्षांऐवजी दरवर्षी करावं लागतं आणि पर्यावरण करही लागतो. आमची गाडी 2024 मध्येच त्यात आली.

तरी महिन्याचं वीस-पंचवीस हजार भाडं वाचतं, त्यामुळे डिझेल धरूनही गाडी घेतली ते बरंच झालं असं माझं मत आहे. फक्त तिची किंमत मी 3,40,000 सांगत नाही, चार लाखांच्या वरच सांगते. ओळखीचं कुणी जुनी पिकअप बघायला निघालं की मी त्यांच्याबरोबर हातोडी देते. इंजिन काय, सगळेच बघतात.

दर मेमध्ये आता गाडी रॅम्पवर चढवून खालून धुऊन घेतो आणि मिस्त्री जुनं ऑइल फवारतात. पासिंगही त्याच सुमाराला असतं. मागचे दोन टायर तोवर टिकतील असं ते म्हणतात. मी पैसे बाजूला काढून ठेवलेत.