सापडले का मग आजोबा?

लग्नकार्यात, सोसायटीच्या मीटिंगनंतर, परवा तर दाताच्या डॉक्टरांनी माझं तोंड उघडं असताना विचारलं, "सापडले का मग आजोबा?" त्याला जोडून दुसरा प्रश्न ठरलेला: "नाशकात ना खाडी ना बंदर, तुमचे आजोबा बोटीवर कसे?" विचारणारा सत्तरीचा असला तर, "रामदास बोटीत का?" नाही हो. रामदास १७ जुलै १९४७ ला रेवसला जाताना बुडाली. आजोबा त्याच्या पाच वर्षं आधी गेले. तर तुम्ही विचारलंत म्हणून, एकदा सविस्तर सांगतो.

आम्ही मूळचे देवगडकडचे. आजोबा गेल्यावर आजी दोन पोरं घेऊन नाशिकरोडला आली, कारण तिचा भाऊ इथे प्रेसमध्ये होता. माझे बाबा तेव्हा लहान, आत्या त्यांच्याहून पाच वर्षांनी मोठी. घरात कायम एवढंच बोललं जायचं की आजोबा नेव्हीत होते, युद्धात बोट बुडाली. या 'नेव्ही'ने माझं अख्खं वर्ष खाल्लं. रॉयल इंडियन नेव्हीची जी जी जहाजं बुडाली त्यांच्या याद्या मी चाळत बसलो. आजोबा कुठेच नाहीत.

उलगडा झाला तो आत्याच्या देवघरात. तिच्याकडे वीतभर लांबीची पत्र्याची नळी आहे, एका बाजूने चेपलेली, टोपण हरवलेलं. आजीपासून त्यात उदबत्त्या ठेवायची पद्धत. आत्याचे शेजारी मालवाहू बोटींवरून निवृत्त झालेले. गणपतीत आरतीला आले होते, नळी हातात घेऊन म्हणाले, "अहो, ही खलाशाची नळी. सर्टिफिकेट गुंडाळून यात ठेवायचे. पुढे त्या कागदालाच नळी म्हणायला लागले." म्हणजे आजोबा नेव्हीत नव्हतेच. कंपनीच्या बोटीवर, सारंग आणि तांडेलाच्या हाताखाली डेकवर राबणारे खलाशी होते. (सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम आणि तांडेल त्याच्या खालचा; ही नुसती आडनावं नाहीत, हे मलाही तेव्हाच कळलं.)

मग आत्याला पुन्हा विचारलं, कधी निघाले होते? तारीख तिला कुठली आठवायला, सहा वर्षांची होती ती. म्हणाली, "तुळशीच्या लग्नाचा ऊस दाराशी होता. आफ्रिकेला जाणारी बोट म्हणाले होते." १९४२ सालचं पंचांग काढलं. त्या वर्षी तुळशीची लग्नं १९ नोव्हेंबरच्या आसपास सुरू होत होती. आणि २० नोव्हेंबरला मुंबईहून मोंबासा, दर्बानकडे एक बोट सुटली होती. तिचं नाव तिलावा.

ब्रिटिश इंडिया कंपनीची बोट. ७३२ उतारू, २२२ खलाशी-कर्मचारी आणि ४ तोफची, एकूण ९५८ माणसं. २३ तारखेच्या पहाटे जपानी पाणबुडीने टॉर्पेडो मारला. लोक होड्यांत उतरले. बोट लगेच बुडेना, तेव्हा काही जण परत वर चढले. मग दुसरा टॉर्पेडो लागला. २८० माणसं गेली. ६७८ जणांना वाचवून मुंबईत आणलं, आणि इथेच आजीचा घोळ झाला. इतकी माणसं परत आली म्हटल्यावर आपलाही येईल, एखाद्या दुसऱ्या बोटीने उचललं असेल, असं ती धरून बसली. कुंकू पुसलं नाही.

त्या पाणबुडीचा नंबर आय-२९. याच पाणबुडीने पुढे एप्रिल १९४३ मध्ये मादागास्करजवळ सुभाषबाबूंना जर्मन पाणबुडीवरून आपल्याकडे घेतलं. आमच्या हॉलमध्ये बाबांनी लावलेली नेताजींची तसबीर आहे. हे वाचल्यावर मी दोन दिवस तिच्याकडे बघायचं टाळलं. तसबीर अजून तिथेच आहे.

बोटीवर चांदीही होती, दक्षिण आफ्रिकेच्या सरकारने विकत घेतलेली. २०१७ मध्ये एका कंपनीने समुद्राच्या तळातून ती वर काढली. २,३६४ लगडी, एकूण एक मोजून. तिच्यासाठीचा दावा थेट ब्रिटनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २०२४ ला निकाल लागला. लगडींचा हिशेब इतका चोख, आणि माझ्या आजोबांचं आडनाव कुठल्याच कागदावर नाही, याचा मला अजून राग येतो.

आडनाव नाही, कारण खलाशाच्या नावापुढे फक्त बापाचं नाव लिहायचे. तेही कारकुनाला ऐकू येईल त्या स्पेलिंगने. शोधायचं तर पणजोबांचं नाव हवं. आत्या आजोळच्या-माहेरच्या सगळ्यांची नावं घडाघडा सांगते, पण या एकांना सगळे 'दादा' म्हणायचे, त्यामुळे खरं नाव तिला ठाऊक नाही. बाबा गेलेले.

शेवटी उपयोगी पडलं ते नाशिकच. रामकुंडावर जाऊन उभं राहा, पहिला प्रश्न येतो: गाव कुठलं, आडनाव काय? दोघा-तिघांना विचारत आमच्याकडच्या गावांतून विधींना येणाऱ्यांच्या नावांच्या वह्या ठेवणारे उपाध्याय सापडले. लाल बासनातून त्यांनी लांबट उभी वही काढली आणि बोट फिरवत शके १८७७ वर थांबले. आजीने बारा वर्षं वाट पाहून १९५५ मध्ये पालाशविधी करवला होता. देह नसला की पळसाच्या देठांचा पुतळा करून त्याला अग्नी देतात, तो विधी. खाली शाईने, रेघ सोडून वर चढत गेलेल्या अक्षरांत यजमानाने स्वतः लिहिलं होतं: गाव, आपलं नाव, वडिलांचं, आजोबांचं. यजमान चौदा वर्षांचे होते. 'ज'चा काना शेवटी आत वळवायची बाबांची सवय तेव्हापासूनची.

बाबा आयुष्यभर गोदेच्या काठी राहिले, मला पोहायला त्यांनी गांधी तलावात शिकवलं, पण शेजारच्या रामकुंडावर आपण काय केलं ते बोलले नाहीत. उपाध्याय सहज म्हणाले, "बघा, गोदावरी जाते पूर्वेला बंगालच्या उपसागरात आणि तुमचे आजोबा पश्चिमेला." मी म्हटलं, आजीला हे कुणी सांगितलं नाही ते बरं झालं.

पणजोबांचं नाव मिळाल्यावर पुढचं काम एका रात्रीचं. दुसऱ्या महायुद्धात समुद्रावर गेलेल्या सहा हजारांहून अधिक हिंदी खलाशांची आणि नौसैनिकांची नावं मुंबईत मस्जिद बंदरच्या सेलर्स होममधल्या स्मृतिग्रंथात आहेत. तीच यादी कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनच्या वेबसाइटवर शोधता येते. स्पेलिंग अकरा प्रकारे घालून पाहिलं, तेव्हा एक जोडी जुळली. बोट तिलावा. जिल्हा रत्नागिरी, म्हणजे बरोबरच, सिंधुदुर्ग १९८१ मध्ये वेगळा झाला. वय मात्र आमच्या हिशेबापेक्षा चारने कमी. आणि बायकोचं नाव भलतंच. ते आजीचं नाव नव्हतं.

कुणीतरी दुसराच माणूस, असं धरून मी आठवडाभर गप्प बसलो. मग आत्याकडे गेलो आणि ते नाव वाचून दाखवलं. ती गवार मोडत होती. हात थांबले.

"आईचं माहेरचं नाव," ती म्हणाली. "लग्नात बदललं. आमच्या घरात कुणी घ्यायचं नाही."

"मग आजोबांनी ऑफिसात हेच का लिहून दिलं?"

"ते तिला त्याच नावाने हाक मारायचे. पण आत, कुणी नसताना." मग उरलेली गवार माझ्यासमोर सरकवून म्हणाली, "परत वाच."