मामाचा फुटबॉल आणि आमचे तीन टॉर्च

साकोलीहून आत गेलं की माझ्या मामाचं गाव. गावाला जुना मालगुजारी तलाव आहे. पाळीवर इंजिनं बसवून लोक उन्हाळी धानाला पाणी घेतात. जानेवारीत मामाच्या पाइपाचा फुटव्हॉल्व्ह, म्हणजे पाइपाच्या पाण्यातल्या टोकाची झडप, गावच्या भाषेत 'फुटबॉल', निसटून पाण्यात गेला. नवा आणणं सोपं होतं. पण मी तारकर्लीला स्कूबा शिकून आलेली, मैत्रिणीसोबत समुद्रातल्या रात्रीच्या डाइव्हची तयारी चाललेली, आणि तीनपैकी कोणता टॉर्च न्यायचा यावरून आमचं रोज वाजायचं. टॉर्च पारखायला निमित्त आयतंच मिळालं.

नागपूरहून साकोली शंभरेक किलोमीटर, रस्ता चांगला. अडचण पाण्याखाली श्वासाला लागणाऱ्या हवेच्या सिलिंडरची. गावात ते भरून मिळत नाहीत, म्हणून मैत्रिणीनं चार भरलेले गाडीत घालून आणले. चार म्हणजे दोघींच्या दोन-दोन डाइव्ह, पाचवी नाही. कोकणात समुद्रात खाली जायला जेवढं वजन कमरेला बांधता त्यातलं दोनेक किलो इथं कमी करा. गोड्या पाण्यात माणूस कमी तरंगतो, आणि तळाच्या चिखलात रुतून बसलात तर सगळं पाणी ढवळून निघतं.

पाण्यात उतरण्याआधी तलावात मासेमारी करणाऱ्या ढीवर बांधवांना विचारलं, ते फार बरं केलं. जाळी कुठं लावलीत, शिंगाड्याचे वेल कोणत्या कोपऱ्यात आहेत, पाणी सोडायचं गेट बंद आहे का, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नसतं. गेट उघडं असेल तर त्या बाजूला जायचंच नाही, ओढ जीवघेणी असते. नायलॉनचं जाळं मास्कला टेकेपर्यंत दिसत नाही, कोणताही टॉर्च असो. जाळं कापायची सुरी दोघींकडे हवीच. काठावर मामा दोर धरून बसला. तीन झटके म्हणजे वर ओढ.

पहिला टॉर्च तीन हजार लुमेनचा (लुमेन म्हणजे एकूण उजेडाचं माप), १२० अंशांच्या रुंद झोताचा, व्हिडिओसाठी घेतलेला. माझा सगळा जीव त्याच्यावर. चार मीटरवर लावला आणि डोळ्यांसमोर नुसती पांढरी भिंत. डिसेंबरच्या धुवारीत गाडीचा अप्पर मारल्यावर होतं, अगदी तसं. पाण्यातला गाळाचा प्रत्येक कण उजेड परत तोंडावर फेकत होता. सर्वात कमी पायरीवर आणला तेव्हा कुठं स्वतःची बोटं दिसली.

दुसरा ऑनलाइन घेतलेला स्वस्तातला. खोक्यावर ठळक अक्षरांत 'वॉटरप्रूफ' आणि आयपीएक्स८, म्हणजे पाण्यात बुडवला तरी चालेल असा दर्जा. दहा मिनिटांत काचेच्या आत पाण्याची रेघ, मग अंधार. 'वॉटरप्रूफ' या शब्दाला काही अर्थ नाही, किती मीटर खोलीपर्यंत चालतो ते लिहिलेलं बघा. टॉर्च पुढचं डोकं फिरवून चालू-बंद होणारा असेल तर तेच फिरवणं पाणी अडवणाऱ्या रबरी रिंगवर घासतं आणि पाणी शिरायला वाट मिळते. मला तरी बाहेरून सरकणारं चुंबकी बटण बरं वाटतं.

तिसरा मैत्रिणीचा. हजार लुमेन, आठ अंशांचा अरुंद झोत. तोच कामाचा निघाला, तोही हात बाजूला लांब करून धरला तेव्हाच. डोळ्यांच्या रेषेत धरला की पुन्हा भिंत. झोत अरुंद असला की मधले कण कमी उजळतात, एवढंच गणित. हाताच्या खुणा दिसत नव्हत्या, म्हणून उजेडाच्या खुणा केल्या: गोल फिरवला तर ठीक, भराभर आडवा हलवला तर संकट. जोडीदाराच्या डोळ्यांवर मात्र मारू नका.

तेव्हा लुमेनच्या आकड्याला भुलू नका, आधी झोताचा कोन विचारा. रुंद टॉर्च टाकाऊ नाही. समुद्रात खोल गेलं की लाल रंग सर्वात आधी मरतो, दहा मीटरवर लाल मासा मळकट करडा दिसतो. स्वच्छ पाण्यात जवळून रुंद उजेड टाकला की तो रंग परत येतो. आमच्या तलावाचं पाणी चहासारखं, तिथं रंग कसले! रात्रीच्या डाइव्हला प्रत्येकाकडे दोन टॉर्च हवेत, दुसरा लहान चालेल. मोठा टॉर्च पाण्याबाहेर पूर्ण ताकदीवर जाळू नका, थंड करायला पाणी नसलं की तापतो. विमानानं जाणार असाल तर सुटे लिथियम सेल हातातल्या बॅगेत, टोकं झाकून. गावी जाणार असाल तर सगळं घरूनच चार्ज करून न्या, लाइटीचा भरवसा धरू नका. परत आल्यावर रिंग काढून पुसा. आमच्या रिंगेत चिखलाचा एक कण अडकला होता, पुढच्या वेळी तिथूनच पाणी शिरलं असतं.

फुटबॉल सापडला, पण टॉर्चनं नाही. पाइपाच्या टोकाखाली चिखलात कोपरापर्यंत हात घालून चाचपत होते, तेव्हा लागला. वर आणून मामाच्या हातात दिला. त्यानं आधी फुटबॉलकडे पाहिलं, मग चार सिलिंडरकडे, मग त्या मोठ्या टॉर्चकडे.

"येवढा खटाटोप कायले केला वं बाई? मे महिन्यात तळं आटलं असतं, पायी जाऊन उचलला असता."