मदरबोर्ड सारखा रिस्टार्ट होतोय? आधी सेकंद मोजा

बटण दाबलं की पंखे फिरतात, बंद पडतात, परत फिरतात. अशा वेळी बरेच जण थेट नवा बोर्ड घ्यायला निघतात. तो खर्च बऱ्याचदा वाया जातो. आधी मोबाइलवर स्टॉपवॉच लावा आणि पीसी कितव्या सेकंदाला पडतो ते बघा.

पंखा जेमतेम हलून थांबत असेल तर शॉर्टचा, म्हणजे वीज नको तिथून वाहत असल्याचा, संशय घ्या. बोर्डाखाली जादा स्टँडऑफ (बोर्ड उचलून धरणारा छोटा धातूचा खांब) किंवा सुटा स्क्रू असू शकतो. बोर्ड बाहेर काढून पुठ्ठ्यावर ठेवा. अँटिस्टॅटिक पिशवीवर नको, तिच्या बाहेरच्या बाजूतून वीज वाहू शकते. प्रोसेसर, कूलर, एकच रॅम, 24 पिनची केबल आणि प्रोसेसरजवळची 8 पिनची केबल एवढंच जोडा.

बरोबर चारेक सेकंदांनी बंद होत असेल तर कॅबिनेटचं बटण आत अडकलंय का बघा. बटण चार सेकंद दाबलेलं राहिलं की बोर्ड स्वतःच वीज तोडतो. पॉवर आणि रिसेट दोन्हीच्या वायर काढा आणि पॉवरच्या दोन पिनांना स्क्रूड्रायव्हर क्षणभर टेकवून चालू करा.

डिस्प्ले येण्याआधीच फेरे चालू असतील तर रॅम. चार स्लॉटच्या बोर्डावर एकच पट्टी सहसा प्रोसेसरपासून दुसऱ्या स्लॉटमध्ये लावतात. मग प्लग काढून बोर्डावरचा नाण्यासारखा सीआर2032 सेल पाच मिनिटं बाहेर ठेवा, म्हणजे बोर्डाच्या सेटिंग्ज मूळपदावर येतात. सेल 3 व्होल्टचा असतो, 2.7च्या खाली गेला असेल तर बदलाच. डीडीआर5 रॅम नवी लावली असेल तर मात्र घाई करू नका. पहिल्यांदा मेमरी ट्रेनिंगला (बोर्ड रॅमशी जुळवून घेतो त्याला) काही मिनिटं लागतात, एखाददुसरा रिस्टार्टही होतो. त्यात मध्येच वीज तोडली की सगळं पहिल्यापासून.

जुन्या बोर्डाचं एक लक्षण नीट ओळखा: सकाळी चार-पाच वेळा पडतो, मग दिवसभर व्यवस्थित चालतो. हे कपॅसिटरचं काम, म्हणजे बोर्डावरच्या वीज साठवून स्थिर ठेवणाऱ्या छोट्या नळकांड्यांचं. आतला इलेक्ट्रोलाइट (द्राव) सुकला की ईएसआर (आतला रोध) वाढतो, थंड असताना तर फारच. प्रोसेसरला जाणारा व्होल्टेज डळमळतो; दोन-चार प्रयत्नांत कपॅसिटर तापतो आणि गाडी सुरू होते. टॉर्च तिरका धरून बघा: माथा सपाट हवा. खाचेपाशी फुगवटा किंवा बुडाशी तपकिरी डाग दिसला तर तो गेला. तेवढेच मायक्रोफॅरड, तेवढाच किंवा जास्त व्होल्टेज, 105 अंशांचा लो-ईएसआर कपॅसिटर लावा. पट्ट्याची बाजू ऋण, उलटा लावला तर फुटतो. फुगवटा दिसला नाही म्हणून कपॅसिटर चांगला असं धरू नका, सुकलेला वरून धडधाकट दिसू शकतो.

हेच लक्षण एसएमपीएसमुळेही (पीसीला वीज पुरवणाऱ्या डब्यामुळेही) येतं, तिथेही कपॅसिटरच असतात. पिवळी वायर 11.4 ते 12.6 व्होल्ट दाखवायला हवी, पण क्षणभराची घसरण मल्टिमीटरला पकडता येत नाही. म्हणून सोल्डरिंग गन हातात घेण्याआधी व्यवस्थित चालणाऱ्या दुसऱ्या पीसीचा एसएमपीएस लावून बघा. एसएमपीएस स्वतः मात्र उघडू नका, प्लग काढल्यावरही आत चार्ज राहतो.

विंडोजचा लोगो येऊन मग रिस्टार्ट होत असेल, तर बोर्ड सोडा. स्टार्टअप सेटिंग्जमध्ये ऑटोमॅटिक रिस्टार्ट बंद करा, निळ्या स्क्रीनवरचा कोड वाचा आणि तिथून पुढे शोधा.