भट्टीच्या कागदासाठी चार चकरा (माझा अनुभव)

आमच्या वावरात नांगराला काळे, जड, भोकंभोकं असलेले दगड लागतात. लहानपणी आम्ही त्यानं चिंचा पाडायचो. ते लोखंडाच्या जुन्या भट्टीचं कीट (लोखंड गाळल्यावर उरलेला मळ) आहे हे लय उशिरा समजलं. गाव जुन्या चांदा (आताच्या चंद्रपूर-गडचिरोली) जिल्ह्यातलं, लोहाऱ्याचा लोहखनिजाचा डोंगर ह्याच जिल्ह्यातला, म्हणून म्हटलं आपल्या भट्टीचा काही कागद निघते का पाहू.

सातबारा लगेच भेटला. पण त्यात इंग्रजांच्या काळातलं काय असणार, त्याला बंदोबस्ताची मिसल (इंग्रजांनी जमीन मोजून सारा ठरवला त्याची गावची फाईल) पाहिजे अन् ती रेकॉर्ड रूमला. तिथं माझे पावणेतीन महिने गेले.

अर्जात ‘नक्कल कशासाठी’ असा रकाना आहे. मी इमानदारीत लिहिलं, इतिहासासाठी. खिडकीतले साहेब म्हणे, “इतिहासासाठी काहून पाहिजे जी? वाटणीचा वाद आहे का? जातीच्या दाखल्याला लागते का?” म्हटलं नाही, भट्टी होती का ते पाहायचंय. अर्ज परत! दुसऱ्या चकरेला ‘खाजगी कामासाठी’ लिहिलं तर चाललं, पण म्हणे हा नंबर आजचा आहे, जुना खसरा नंबर (म्हणजे शेताचा तेव्हाचा नंबर) आणा. (तलाठ्याकडूनच जुना नंबर घेऊन जा, मला कोणी सांगितलं नाही.) तिसऱ्यांदा नंबर नेला तर गावच सापडेना, कारण तेव्हा आमचं गाव दुसऱ्या तालुक्यात होतं अन् बस्ता (कागदांचं गाठोडं) तिकडच्या कपाटात. चौथ्यांदा बस्ता निघाला, तर नक्कल करणारे बाबू जेवायला गेलेले, ते चार वाजता आले.

तेवढ्या वेळात बाकड्यावर मोबाईलमध्ये वाचत बसलो. 1882 मध्ये फॉन श्वार्ट्झ नावाच्या जर्मन तज्ज्ञानं चांद्याच्या लोखंडावर रिपोर्ट दिला, तो वाचून जमशेटजी टाटांनी इथं कारखाना काढायचं मनावर घेतलं होतं. खनिज लोहाऱ्याचं, कोळसा जवळच वरोऱ्याचा. पण तो कोळसा लोखंड गाळायच्या कामाचा निघाला नाही, अन् सरकारच्या लायसनच्या अटी अशा की माणूस वैतागून जाईल. व्हाइसरॉय कर्झनच्या काळात 1899 ला नियम सैल झाले, तोवर 17 वर्षं गेली अन् शेवटी कारखाना साकचीला (आताच्या जमशेदपूरला) झाला. हे वाचून मला त्या बाकड्यावर जरा बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

आमच्या भट्टीला तो कोळसा लागतच नव्हता, ती लाकडी कोळशावरची. मातीची भट्टी, चामड्याचे भाते, खाली कीट वाहून जायचं अन् आत लोखंडाचा स्पंजासारखा गोळा राहायचा, तो ठोकून ठोकून घट्ट करायचा. पण विलायती लोखंड स्वस्तात यायला लागलं अन् 1878 च्या जंगल कायद्यानंतर कोळशासाठी लाकूड तोडणंही अवघड झालं, मग कोण भाता ओढणार.

हो, कोर्ट फी तिकिटं घरूनच न्या, तिथं ऐन वेळी भेटत नाहीत. अक्षरही वाचता येत नाही, मी एका रिटायर गुरुजींना धरलं.

तर नकलेत आमच्या तुकड्यापुढं शेऱ्याच्या रकान्यात दोनच शब्द निघाले, ‘भट्टी, बंद’. मी खुशीत बाबांना दाखवलं. त्यांनी कागद उलटापालटा करून पाहिला अन् म्हणाले, “बरं, शेजाऱ्याच्या धुऱ्याचं, बांधाचं काही लिहिलं आहे का ह्याच्यात?”