ओट्यामागची वाकडी सरळ भिंत

गेल्या वर्षी दिवाळीच्या आधी आम्ही स्वयंपाकघर नवीन करून घेतलं. साताऱ्यात शाहूपुरीतलं घर, जुनं बांधकाम, ओट्यामागच्या टाइल्स फोडणीच्या तेलानं अशा काही झाल्या होत्या की त्यांचा मूळ रंग सांगू शकेल असं घरात फक्त आईच उरली होती. मी फोनवर कुठंतरी एक फोटो बघून ठेवलेला, चार-चार इंची चौकोनी टाइल्स, एक काळी एक पांढरी, आणि प्रत्येक ओळ खालच्या ओळीपेक्षा अर्धी टाइल सरकवलेली, विटांच्या भिंतीत असतं तसं. आई म्हणाली सोंगट्यांचा पट वाटतोय, पण लाव बाबा तुझ्या हौसेनं.

मिस्त्री कोरेगावकडचे. बोलणं कमी आणि दोरी जास्त. पहिल्या दिवशी आल्या आल्या त्यांनी खोलीचा कोपरा तपासला, तेही गुण्या न लावता: एका भिंतीवर तीन फुटांवर खूण, दुसरीवर चार फुटांवर, आणि दोन्ही खुणांमध्ये टेप धरला. पाच फूट भरला तर कोपरा काटकोनात, नाही भरला तर गवंड्याचा उद्धार. पायथागोरसचं नाव काढलं नाही त्यांनी आणि काढायची गरजही नव्हती म्हणा, आपल्याकडे यज्ञवेदी आखणाऱ्यांनी आयताच्या कर्णाचा हाच नियम बौधायनाच्या शुल्बसूत्रात लिहून ठेवलाय, आणि शुल्ब म्हणजे दोरीच की.

तिसऱ्या दिवशी संध्याकाळी सगळ्या टाइल्स बसल्या. छान दिसत होतं, नजरेला काही खटकलं नाही. फक्त जॉइंट भरायचे राहिलेले. ग्राउट कुठल्या रंगाचा असं मिस्त्रींनी विचारलं आणि मी मोठ्या शहाणपणानं सांगितलं, ग्रे. मळ दिसत नाही. मिस्त्रींनी दुसऱ्या दिवशी ग्रे भरला, पुसला, गेले.

त्याच्या पुढच्या सकाळी चहा ठेवायला गेलो तर भिंत वाकडी.

थोडीथोडकी नाही. एक ओळ डावीकडं निमुळती होत गेलेली, तिच्या वरची उजवीकडं, परत त्याच्या वरची डावीकडं, जणू कुणीतरी पाचरी करून एकावर एक रचल्यात. मी डोळे चोळले, लाइट लावला, लाइट बंद केला, चहा उतू गेला. काल एवढी सरळ असलेली भिंत रात्रीत कशी काय घसरली? मनात पहिला विचार अर्थातच पैशांचा आला.

मिस्त्री आले दहाला. मी म्हणलं, "मिस्त्री, ही ओळ उतरतीय."

"कुठली?"

"ही. आणि वरची चढतीय."

ते काही बोलले नाहीत. पिशवीतनं लाल नायलॉनची दोरी काढली, एक टोक माझ्या हातात दिलं, खिडकीपाशी उभं केलं आणि दुसरं टोक स्वतः धरून जॉइंटवर ताणली. दोरी आणि ग्राउट, तंतोतंत. वरची ओळ, तंतोतंत. अशा सगळ्या ओळी झाल्या. मग लेव्हल लावली, बुडबुडा मधोमध. मग मला म्हणाले एक डोळा झाका, गाल भिंतीला टेकवा आणि कडेनं बघा. बघितलं तर सगळे जॉइंट रेल्वेच्या रुळासारखे सरळसोट. गाल काढून मागं सरकलो की परत वाकडे.

"म्हणजे मलाच असं दिसतंय?"

"मला बी वाकडंच दिसतंय की. म्हणून तर दोरी आणलीया."

हे वाक्य त्यांनी दोरी गुंडाळता गुंडाळता टाकलं आणि बाथरूमच्या कामाला लागले, मी मात्र दिवसभर त्या भिंतीपुढं. आणि मग कळलं की माझ्या ओट्यामागं जे झालंय त्याला रीतसर नाव आहे, कॅफे वॉल इल्युजन. इंग्लंडमधल्या ब्रिस्टल शहरात एका कॅफेच्या भिंतीला अशाच गडद-फिक्या टाइल्स अर्ध्या अर्ध्या सरकवून लावलेल्या, तिथून जवळच डोळ्याच्या आणि मेंदूच्या भानगडींवर काम करणारी रिचर्ड ग्रेगरींची प्रयोगशाळा, तिथल्या एकाच्या ही भिंत नजरेत भरली आणि 1979 साली ग्रेगरी आणि प्रिसिला हर्ड यांनी तिच्यावर पेपरच लिहिला. त्यात जॉइंटच्या रंगाचा मुद्दा आहे. जॉइंट बारीक पाहिजे आणि त्याचा उजेड काळ्या आणि पांढऱ्याच्या मधला पाहिजे, म्हणजे फसवणूक जोरात. पांढऱ्यापेक्षा पांढरा किंवा काळ्यापेक्षा काळा केला की खेळ मोडतो. म्हणजे ग्रे. म्हणजे मी.

पण ग्रे रंगानं असं काय होतं? याचं गणित चौथीच्या पोराला जमेल इतकं सोपं आहे, तेच मला जास्त आवडलं. आपल्या डोळ्याच्या पडद्यावर उजेड टिपणाऱ्या साधारण बारा-साडेबारा कोटी पेशी आहेत आणि मेंदूकडं जाणाऱ्या तारा फक्त दहा-बारा लाख, शंभर पेशींमागं एक तार धरा. एवढ्यात सगळं पाठवणं शक्यच नाही, मग डोळा काटकसर करतो: इथं किती उजेड आहे हे सांगायचंच नाही, शेजाऱ्यांपेक्षा किती कमी-जास्त एवढंच सांगायचं. स्वतःतनं शेजाऱ्यांची सरासरी वजा. (खेकड्यासारख्या दिसणाऱ्या एका समुद्री जीवाच्या डोळ्यात ही वजाबाकी हार्टलाइन नावाच्या शास्त्रज्ञानं मोजून दाखवली, त्यांना 1967 चं नोबेल मिळालं.) आता पांढऱ्या टाइलला 10 मार्क द्या, काळीला 0 आणि माझ्या ग्रे जॉइंटला 5. जिथं जॉइंटच्या वर पांढरी आणि खालीही पांढरी, तिथं 5 वजा 10, उणे 5, म्हणजे तो तुकडा उगाचच काळपट भासणार. वर काळी खाली काळी, तिथं 5 वजा 0, अधिक 5, उजळ भासणार. एक काळी एक पांढरी, तिथं शून्य. म्हणजे मिस्त्रींनी एकसारखा ओढलेला ग्रे जॉइंट डोळ्याच्या लेखी एक तुकडा काळपट, एक तुकडा उजळ असा होतो. त्यातला प्रत्येक काळपट तुकडा एका बाजूला वरच्या काळ्या टाइलच्या खालच्या कोपऱ्याला चिकटतो आणि दुसऱ्या बाजूला खालच्या काळ्या टाइलच्या वरच्या कोपऱ्याला. झाला तिरका. ओळीतले सगळे तुकडे एकाच दिशेनं तिरके, पुढच्या ओळीत टाइल्स उलट्या बाजूला सरकलेल्या म्हणून तिथले तुकडे उलटे तिरके. दोन रंगांची सुतळी वळून ताणली तर तिच्यावर कसे तिरके पट्टे दिसतात, अगदी तसं. मेंदूनं हे बारके बारके तिरकस तुकडे जोडून सगळी ओळच तिरकी ठरवली, आणि मी मिस्त्रींना.

खात्री करायला मी एक पेपर घेतला आणि एका जॉइंटच्या वरची अख्खी ओळ झाकली. जॉइंट लगेच सरळ. पेपर काढला, परत वाकडा. आईनं विचारलं काय करतोयस, म्हणलं भिंत दुरुस्त करतोय, ती म्हणाली तुझ्या बापानं असं कधी केलं नाही.

आता एवढं सगळं कळल्यावर भिंत सरळ दिसायला पाहिजे की नाही? नाही दिसत. मला 5 वजा 10 तोंडपाठ आहे, दोरी स्वतः धरलीय, तरी सकाळी चहा ठेवताना रोज पाचरी. डोळ्याला माझं शिक्षण मान्य नाही.

मिस्त्री मात्र डोळ्याला कधी विचारतच नाहीत हे तेव्हा लक्षात आलं. बाथरूमच्या फरशीला ढाळ द्यायचा होता, मला ती सपाट वाटत होती, त्यांनी एक तांब्या पाणी ओतलं आणि पाणी गपगुमान जाळीकडं निघालं. दोन भिंतींवर एकाच उंचीची खूण करायला पारदर्शक पाइपात पाणी भरून धरतात, तेही तसंच. "पाण्याला डोळं नसत्यात दादा, मग फसंल कसं?" म्हणाले.

त्यातच कोजागिरी आली. स्वयंपाकघर उघडंबोडकं, म्हणून शेगडी गच्चीवर नेऊन दूध आटवलं. जरंडेश्वराच्या बाजूनं चंद्र वर आला तो परातीएवढा, सगळे अहाहा करतायत आणि माझं डोकं अजून भिंतीतच, मी खाली जाऊन डब्यातनं हरभऱ्याचा दाणा आणला, हात लांब केला, एक डोळा मिटला. अख्खा चंद्र दाण्याआड. चंद्राचा व्यास 3474 किलोमीटर, अंतर सरासरी 3 लाख 84 हजार, भागून कोन काढा, अर्धा अंशच भरतो. अकरा वाजता चंद्र पार डोक्यावर, सगळ्यांच्या मते आता लहान झाला, परत तोच दाणा, परत अख्खा चंद्र गायब. खरं तर क्षितिजावरचा चंद्र डोक्यावरच्या चंद्रापेक्षा आपल्यापासून जवळजवळ पृथ्वीच्या एका त्रिज्येएवढा जास्त लांब असतो, म्हणजे मोजायलाच बसलात तर तो दीडएक टक्का लहान भरणार, आणि आपण नेमकं उलटं बघतो. हा खेळ हवेचा नाही, आपल्या अंदाजाचा आहे हे अरब शास्त्रज्ञ इब्न अल-हैथमनं हजार वर्षांपूर्वी लिहून ठेवलंय. तसं का होतं यावर शास्त्रज्ञांचं अजून भांडण चालू आहे. आमच्या गच्चीवर भांडण झालं नाही. दाणा कुणी हातात घेतला नाही, दूध घेतलं.

हिशोबाच्या दिवशी मिस्त्री म्हणाले, खरवडून पांढरा ग्राउट भरू का, बराच फरक पडंल. मी हो म्हणणार तेवढ्यात आई म्हणाली काही नको, पांढऱ्यावर हळदीचे डाग पडतात, राहू दे ग्रे. राहिला ग्रे.

मग आईनं त्या टाइल्सवर, खिडकीशेजारी, चिकटवायचा हूक लावून कॅलेंडर टांगलं. दुधाचा हिशोब, गॅसची तारीख, चतुर्थ्या सगळं त्याच्यावर. ते खाली लोंबू नये म्हणून खालच्या कोपऱ्याला टेपचा तुकडा. दुसऱ्या दिवशी तिला ते तिरकं वाटलं, शेजारच्या जॉइंटला धरून नाही म्हणे. तिनं टेप काढून जॉइंटला समांतर केलं आणि परत चिकटवलं. मी मिस्त्रींची राहिलेली दोरी घेतली, टोकाला किल्ली बांधून ओळंबा सोडला, कॅलेंडर चांगलं बोटभर कललेलं. सरळ केलं. संध्याकाळी घरी आलो तर परत कललेलं, आणि टेप या वेळी दुहेरी.